दरड आणि ओढा यांच्या मधली पावलं

कोयनानगरच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. घर सांगलीला. तिथं आई आणि धाकटी बहीण. धरणाच्या वसाहतीत मला एक खोली मिळाली होती, वर पत्रा आणि समोर डोंगर. मागेही डोंगरच. अधूनमधून जमीन हलायची, फळीवरची भांडी किणकिण वाजायची आणि थांबायची. शेजारीपाजारी त्याकडे लक्षही देत नसत. मी मात्र दर वेळी दारात जाऊन उभी राहायची आणि मग काय करायचं ते न कळल्यानं परत आत यायची. बदलीचा अर्ज दिला होता. तीन वर्षं झाल्याशिवाय बदली नाही, असं उत्तर आलं होतं. माझं तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता आणि गणिताचा नवा अभ्यासक्रम नुकताच आला होता. नववीच्या पुस्तकात असमीकरणं नावाचा धडा होता. समीकरणात मधे बरोबरचं चिन्ह असतं, इथं लहान-मोठ्याचं. त्यातही एका संख्येला दोन अटी एकदम लावायच्या, म्हणजे ती याच्याहून मोठी असावी आणि त्याच्याहून लहान. शाब्दिक उदाहरण वाचून ते चिन्हांत मांडायचं, हा खरा अवघड भाग. मुलं तिथं अडायची. खरं सांगायचं तर मीही हे कॉलेजात फारसं केलेलं नव्हतं. आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहीत होते.

श्रावणात सांगलीला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. प्रत्येकानं या धड्यावरची पाच उदाहरणं स्वतः तयार करून आणायची होती आणि पत्रात खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष जीवनातील'. मी आठवडाभर कागद घेऊन बसले. एका संख्येची दुप्पट, एका आयताची लांबी, असलंच काहीतरी सुचायचं. यात कुणाचं जीवन आहे, असं माझं मलाच वाटायचं. शिबिर शुक्रवारी सुरू होणार होतं. गुरुवारी सकाळी कराडची गाडी धरली तेव्हा वहीत एकही उदाहरण नव्हतं.

पाऊस चार दिवस उघडला नव्हता. गाडीत आम्ही तेवीस प्रवासी होतो. माझ्या शेजारी एक सासू आणि तिची सून बसली होती. सुनेला आठवा महिना होता, ती बाळंतपणासाठी माहेरी कराडला निघाली होती. पुढच्या बाकावर एक निवृत्त सुभेदार होते. अंगात खाकी रेनकोट, डोक्याला फेटा, पाठ ताठ. साताऱ्याला लष्करी दवाखान्यात डोळे दाखवायला चालले होते.

तासाभरानं एका वळणावर गाडी थांबली. समोर रस्ता नव्हता. डोंगराची एक बाजू झाडांसकट खाली उतरून रस्त्यावर बसली होती, लाल चिखल अजून हळूहळू सरकत होता. ड्रायव्हरनं गाडी उलटी घ्यायला सुरुवात केली. कंडक्टर, विशीतला पोरगेला माणूस, मागे काय आहे ते बघायला पळत गेला आणि भिजून परत आला.

"वढ्याच्या मोरीवरनं पानी चाललंय," तो म्हणाला. "आत्ता आलो तवा न्हवतं. कठडा बी दिसंना झालाय."

पुढे दरड, मागे ओढा, डाव्या हाताला तुटलेला डोंगर आणि उजव्या हाताला खाली नदी. मग वरून एक धोंडा आला आणि गाडीच्या पुढं दोन हातांवर पडला. सून माझा दंड धरून बसली होती. तिची नखं मला रुतत होती, पण मी हात काढला नाही.

सुभेदार उठले. "ड्रायव्हरसाहेब, जरा थांबा. जागा बघू दे," म्हणाले आणि खाली उतरले. पावसात ते दरडीपाशी गेले आणि तिथून मोजून पावलं टाकत मागे ओढ्याकडे चालायला लागले. मी का उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. गाडीत बसवत नव्हतं एवढंच. मी छत्री घेऊन त्यांच्या मागून चालले.

दरडीपासून शंभर पावलांपर्यंत डोंगराचा कडा ओला आणि मोकळा होता, तिथं धोंडे येत होते. त्यापुढं काळा अखंड कातळ लागला. रस्ता पुढं उताराचा होत गेला आणि तीनशे तिसाव्या पावलाला पाणी लागलं. सुभेदारांनी शंभरच्या खुणेवर रस्त्यात आडवी दगडांची ओळ मांडली, तशीच दुसरी पाण्याच्या काठाला.

"बाई, तुमी शाळेतल्या न्हवं? लिवून ठेवा," ते म्हणाले. "शंभरच्या पुढं आणि तीनशे तीसच्या अलीकडं. मधी कुठंबी गाडी हुबी केली तर चालंल."

मी वही काढली. छत्रीखाली पेन्सिलीनं लिहिलं, १०० < क्ष < ३३०. क्ष म्हणजे दरडीपासून आमच्या गाडीपर्यंतची पावलं. लिहिल्यावर मी त्या ओळीकडे बघत राहिले. आठवडाभर जे सापडत नव्हतं ते हे होतं, आणि मला त्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. दोन चिन्हांच्या मधे आम्ही पंचवीस माणसं होतो.

सुभेदारांनी वहीत डोकावून बघितलं. ते चिन्ह त्यांना ठाऊक नसावं, पण मी समजावून सांगितल्यावर त्यांना लगेच कळलं.

"आणि गाडीचं शेपूट?" त्यांनी विचारलं.

मी फक्त गाडीचं तोंड धरलं होतं. गाडी बारा पावलं लांब होती. तोंड तीनशे पंचवीसवर ठेवलं असतं तर मागची चाकं पाण्यात गेली असती. मी खाली दुसरी ओळ लिहिली. तोंड शंभरच्या पुढं हवं आणि तोंडात बारा मिळवून येणारं शेपूट तीनशे तीसच्या अलीकडं हवं. म्हणजे क्ष तीनशे अठराहून कमी. पुस्तकातल्या उदाहरणात मी अशी चूक केली असती तर एक गुण गेला असता.

ड्रायव्हरनं गाडी उलटी घेऊन कातळाखाली उभी केली. मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. कुणीतरी चालत दरड ओलांडायला निघालं, गुडघाभर रुतून परत आलं. काचा बंद, आत ओल्या घोंगड्यांचा वास, वर टपावर पावसाचा एकसारखा आवाज. सुभेदार दर तासाला उतरून पाण्याची खूण बघायचे आणि परत येऊन मला आकडा सांगायचे. तीनशे दहा. दोनशे नव्वद. मी तो वहीत लिहायची, आधीचा खोडायची. दुपारी दरडीकडून आणखी एक लोट आला आणि पुढची खूणही शंभराची एकशे तीस झाली. त्या वहीचं ते पान मी पुढं बरीच वर्षं जपलं. त्यावर नुसत्या खोडलेल्या ओळी होत्या, प्रत्येक ओळीतली जागा आधीच्या ओळीहून कमी.

सासूबाई माझ्याशी फार बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी नि चटणी माझ्यापुढं धरली. आम्ही जैन. चातुर्मासात आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, नंतर पाण्याखेरीज काही नाही. बाहेर ढगांमुळं दिवस आहे की गेला तेच समजत नव्हतं.

"नको आई, उशीर झाला," मी म्हटलं.

"कशाला उशीर? कुठं जायाचंय आपल्याला?" त्या म्हणाल्या.

मी भाकरी घेतली आणि खाल्ली. आईला हे मी कधी सांगितलं नाही.

अंधार पडायच्या आत पाणी दोनशे चाळीसवर आलं. ड्रायव्हरचं म्हणणं, गाडी आणखी पुढं दरडीकडं घ्यावी, पाणी वाढतंय ते दिसतंय. कंडक्टर म्हणे, दरड दिसत नाही म्हणून ती यायची नाही असं थोडंच आहे. दोघांचंही खरं होतं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, दोन्हीकडनं सारखं अंतर र्‍हाईल अशी जागा काढा."

मी हिशेब केला. दरडीची खूण एकशे तीस, पाण्याची दोनशे चाळीस, मधे एकशे दहा पावलं, त्यातली बारा गाडीची. उरली अठ्ठ्याण्णव, त्यांची निम्मी एकोणपन्नास. गाडीचं तोंड एकशे एकोणऐंशीवर. सुभेदारांनी पावलं मोजली, दगड ठेवला आणि ड्रायव्हरनं चाक त्या दगडाला आणून टेकवलं. पंचवीस माणसांचं काय होणार ते माझ्या भागाकारावर ठरत होतं. तो भागाकार मी पुन्हा चार वेळा करून बघितला.

रात्र तशीच गेली. पाणी आणखी पंधरा पावलं चढलं आणि थांबलं. पहाटे ते उतरायला लागलं, पण मोरी वाहून गेली होती.

सकाळी दरडीच्या पलीकडं माणसं दिसली. रस्त्याच्या कामावरचा मुकादम आणि मजूर पाटणकडून आले होते. मधे पंचवीस-तीस पावलांचा चिखल होता. खालच्या नदीच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी दगड बांधून दोराचं टोक आमच्याकडं फेकलं, दोराला मेणकापडात गुंडाळलेली चिठ्ठी होती. आम्ही दोर झाडाला बांधला. चिठ्ठी कंडक्टरनं माझ्या हातात दिली आणि मी ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"दोर धरून यावे. एका वेळी जास्तीत जास्त चार माणसे. दोन खेपांमध्ये कमीत कमी दहा मिनिटे."

मी वर्गात वाचते तशी वाचली, स्पष्ट, सावकाश. मग चिठ्ठीची घडी घातली आणि बाजूला झाले.

पहिली चार माणसं गेली. चिखल त्यांच्या पायांखाली हलत होता, पण ती पोचली. कंडक्टर मनगटावरचं घड्याळ बघत होता. चार-पाच मिनिटांतच त्यानं दुसऱ्या चौघांना सोडलं. त्यांच्यातले शेवटचे एक वयस्क शेतकरी मध्यावर आले आणि पहिल्या खेपेनं ढिला केलेला चिखल एकदम सरकला. ते कमरेपर्यंत आत गेले. दोर त्यांनी सोडला नाही म्हणून वाचले. पलीकडच्यांनी ओढून काढलं तेव्हा त्यांचा एक पाय पिळवटला होता.

ड्रायव्हर कंडक्टरवर ओरडला. दहा मिनिटं सांगितली असताना घाई कशाची.

कंडक्टर पांढराफटक पडला होता. "आवं बाईंनीच वाचलं न्हवं का?" तो म्हणाला. "कमीत कमी दहा. मला वाटलं, कमी येळात उरका, दहाच्या वर लावायचा न्हाई. म्हणून तर मी घाई केली."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या कानाला 'कमी' एवढंच ऐकू आलं होतं. हे मी आधी पाहिलेलं होतं. नववीच्या वर्गात निम्मी मुलं 'कमीत कमी पाच' वाचून पाचाहून लहानचं चिन्ह काढत होती आणि 'जास्तीत जास्त' वाचून मोठ्याचं. मी लाल पेनानं फुली मारायची आणि शेजारी लिहायची, 'नीट वाच'. ती नीटच वाचत होती. त्यांना काय ऐकू येतं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. इथंही विचारलं नव्हतं.

मी पुढं झाले. "ऐका," मी म्हटलं. "आधीची माणसं पोचल्यावर दहा मिनिटं होईपर्यंत कुणी चिखलात पाय टाकायचा नाही. पंधरा झाली, वीस झाली तरी चालेल. दहाच्या आत मात्र कुणी जायचं नाही. आता मला सांगा, मी काय म्हणाले?"

एका बाईनं परत म्हणून दाखवलं. मग कंडक्टरनं. सुभेदारांनीही म्हणून दाखवलं, त्यांना गरज नव्हती तरी. त्यानंतरच्या खेपा नीट गेल्या. दर खेपेनंतरची ती दहा मिनिटं मात्र संपता संपत नव्हती. वर कडा होता आणि प्रत्येकजण त्याच्याकडे बघत उभा होता.

शेवटी आम्ही सहा उरलो. सुनेला धरायला पुढं सुभेदार, मागं ड्रायव्हर आणि बरोबर सासूबाई, असं ठरलं. मी आणि कंडक्टर त्यानंतर. सुनेनं दोराला हात घातला आणि थांबली. आदल्या दिवसापासून ती फारसं बोललीच नव्हती.

"बाई," ती मला म्हणाली, "आमी चार का पाच?"

मला आधी कळलं नाही.

"पोटातलं धरलं तर पाच हुतंय."

ती हसत होती की घाबरली होती ते मला आजही सांगता येत नाही. मुकादमानं चिठ्ठीत वजनाचं काही लिहिलं नव्हतं, माणसं लिहिली होती. मी काही उत्तर देण्याआधीच सासूबाईंनी दोरावरचा हात काढून घेतला.

"मग मी मागनं येते," त्या म्हणाल्या आणि माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. सून पलीकडं पोचेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. ती पोचली, मजुरांनी तिला घोंगडीवर बसवलं आणि मगच या बाईनं श्वास सोडला. दहा मिनिटांनी आम्ही निघालो. माझ्या हातात त्यांचा हात होता आणि कोण कुणाला धरून होतं ते सांगणं कठीण होतं.

सांगलीला पोचले ती शनिवारी, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. साडीच्या काठाला लाल चिखल तसाच होता. शिबिर घेणारे गृहस्थ वयानं मोठे होते, स्वभावानं चांगले. माझी पाळी आल्यावर मी फळ्यावर रस्ता काढला, दरड, ओढा, गाडीचं तोंड आणि शेपूट. पाणी चढतं तशी मांडणी कशी बदलते तेही लिहून दाखवलं.

"उदाहरण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण बाई, तुमच्या सीमा स्थिर नाहीत. नववीला सीमा स्थिर हव्यात. आणि मुलं घाबरतील. त्यापेक्षा पाण्याच्या टाकीचं काहीतरी घ्या."

मी बरं म्हटलं. पाच उदाहरणं टाकीची, कापडाची आणि थर्मामीटरची लिहून दिली. ती छापलीही गेली, असं ऐकलं. घरी आईनं विचारलं, उशीर का झाला. रस्ता बंद होता, एवढंच सांगितलं. पाच-सहा दिवसांनी तात्पुरती मोरी झाल्यावर त्याच रस्त्यानं परत गेले, दुसरा रस्ताच नव्हता. त्या वळणावर मी डोळे मिटून घेतले.

वर्गात पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना विचारलं, 'कमीत कमी दहा' म्हणजे तुम्हाला काय वाटतं, तुमच्या शब्दांत सांगा. त्यांना वाटलं यात काही सापळा आहे. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गणितात ती नेहमी नापास व्हायची.

"बाई, घटत घटत आलं तर दहावर थांबायचं. खाली जायाचं न्हाई."

इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नव्हतं. मी ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं आणि त्याच्यासमोर चिन्ह काढायला तिला बोलावलं. तिनं बरोबर काढलं. जुन्या वह्या मागवून घेतल्या आणि मी मारलेल्या फुल्या बघत बसले. काय करावं कळेना. शेवटी त्या तशाच परत दिल्या.

त्या सुनेला मुलगी झाली, असं पुढं कंडक्टरकडून कळलं. सुभेदारांचं काही कळलं नाही. बदली मला तीन वर्षांनी मिळाली नाही, पाच वर्षांनी मिळाली. तोवर जमीन हलली की मी दारात जायची सवय सोडून दिली होती.

आता सांगलीत राहते. प्रवास कधीतरीच होतो. पण वाटेत कुठंही, कुठल्याही कारणानं गाडी थांबली आणि दोन मिनिटांत हलली नाही, की मी पिशवी घेऊन खाली उतरते. कंडक्टर म्हणतात, बाई, गाव यायला वेळ आहे अजून. मी म्हणते, माहीत आहे मला. आणि गाडी चालू होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहते.